वार्तिनीकडून घेतलेला दिवस

सगळ्यात आधी वार्तिनीचं नाव लिहिते. ती नसती तर मी इंगोलश्टाटच्या बाजारात रडत उभी राहिले असते, जर्मनीतलं एकही शेत पाहिलं नसतं, आणि आज लिहायला माझ्याजवळ काही नसतं. दुसरं नाव माझ्या लेकाचं, मिलिंदचं. भीत भीत का होईना, त्याने मला जाऊ दिलं. तिसरं सून प्रज्ञाचं. माझे ऱ्हस्व-दीर्घ तीच नीट करते आहे. मी चौथी पास. पाचवीत नाव घातलं होतं, पण त्या वर्षी धानाची रोपं लावायला, रोवणीला हात कमी पडले आणि मी शेताच्या बांधीत उतरले ती उतरलेच.

आपल्या विहारातल्या बायांनी फोनवर विचारलं होतं, "तिकडचं गाव कसं असते वं?" फोनचं कार्ड संपत आलं होतं, म्हणून म्हटलं, लिहूनच पाठवते. तर हे घ्या.

नातू झाला म्हणून मी एप्रिलच्या सुरुवातीला इथे आले. मिलिंद मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर आहे. या शहरात माणसांपेक्षा मोटारी जास्त दिसतात आणि कुणी हॉर्न वाजवत नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रज्ञा म्हणाली, "आई, बाजार दोन गल्ल्या सोडून आहे, कोथिंबीर मिळाली तर बघा." मी ऐटीत निघाले. कोथिंबीर नव्हती. परतताना दोन गल्ल्यांच्या चार झाल्या, चारांच्या सात. पत्त्याची चिठ्ठी घरी राहिली होती. पुन्हा बाजारात येऊन एका अंडी विकणाऱ्या बाईच्या दुकानाशी उभी राहिले, कारण तिचा रंग आपल्यासारखा होता.

"क्या हुआ, मां?" ती म्हणाली.

बायांनो, मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. हीच वार्तिनी, जावा बेटावरची, इथल्या शेतकऱ्याशी लग्न करून आलेली. लग्नाआधी तीन वर्षं कुवेतला एका घरी कामाला होती, तिथल्या हैदराबादी स्वयंपाकिणीकडून मोडकीतोडकी हिंदी शिकलेली. घर कुठे, विचारलं तर मला एवढंच सांगता येत होतं की खाली पावाचं दुकान आहे. तिने अंडी शेजारच्या बटाटेवाल्याच्या हवाली केली आणि मला पावाची चार दुकानं दाखवली. चौथं आमचं निघालं. वाटेत तिने माझे हात पाहिले आणि विचारलं, "खेत है?"

"है," मी म्हटलं. "धान."

ती रस्त्यातच थांबली. "मेरा भी धान," म्हणाली, आणि मला तिच्या घरी आठ दिवस राहायला बोलावून मोकळी झाली.

मे महिन्यात विहीणबाई आल्या. दोन खोल्या, बाळ एक, आज्या दोन, आणि त्याला आंघोळ कशी घालायची याची मतं तीन. तेव्हा मीच म्हटलं, मला वार्तिनीच्या गावी सोड. मिलिंदने गाडीत बसल्यापासून बजावायला सुरुवात केली.

"आई, तू व्हिजिट व्हिसावर आहेस. शेतात कशालाही हात लावायचा नाही. बघायचं फक्त."

"बघीनच ना रे."

"तुझं बघणं मला माहीत आहे. उद्या आउसलेंडरबेह्योर्डेतून कुणी विचारलं तर?"

ते परदेशी माणसांचं ऑफिस. त्याचं नाव काढलं की मी पर्समधला पासपोर्ट चाचपते. मी खरंच ठरवलं होतं, हात लावायचा नाही.

मंगळवार

गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, म्हणून लिहीत नाही. चाळीसेक घरं. मधोमध चर्च, त्याच्या मनोऱ्यावर कांद्यासारखा कळस. चौकात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक उंच खांब, मे महिन्यात सगळे मिळून उभा करतात. किराणा दुकान होतं, ते बंद पडलं. रस्त्यावर शेण नाही, कुत्रं नाही, ओट्यावर कुणी बसलेलं नाही. गाई आहेत, पण त्या गोठ्यातच राहतात, नुसता आवाज येतो. मला वाटलं, गाव कुठे लग्नाला गेलंय की काय. वार्तिनी म्हणाली, सगळे घरातच आहेत, पडद्यामागून तुलाच बघताहेत.

गावाबाहेर लगेच होप्सचे मळे. होप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारा वेल. नारळाच्या झाडाएवढे उंच लाकडी खांब, वर तारांचं जाळं, आणि प्रत्येक झाडापासून दोन बारीक तारा आभाळाकडे गेलेल्या. वेल तेव्हा हातभरच होते. लांबून पाहिलं तर वाटतं, इतका मोठा मांडव कुणी घातला आणि खाली वऱ्हाडच नाही.

घरात वार्तिनी आणि तिची सासू, दोघीच. सासूला सगळे ओमा म्हणतात, म्हणजे आजी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कमरेचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. वार्तिनीचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. जमीन बहुतेक दुसऱ्यांना कसायला दिली आहे. घराजवळचा होप्सचा बारा ओळींचा तुकडा तेवढा दोघींनी ठेवलाय, कारण तो त्याने लावलेला.

मी ओमांना हात जोडून म्हटलं, "जय भीम." त्या म्हणाल्या, "ग्र्युस गॉट." दोघींनाही एकमेकींचं कळलं नाही, पण दोघींनी मान हलवली आणि जेवायला बसलो. पांढरं शतावरीसारखं काहीतरी, मऊ उकडलेलं, त्यावर लोणी आणि बटाटे. त्याला श्पार्गेल म्हणतात आणि त्याचं इथे फार कौतुक. मीठ कमी होतं. तरी मी सगळं संपवलं. मग वार्तिनीने टेबलाखालून एक बाटली माझ्या हातात दिली. मिरचीचा ठेचा! वास घेतला तर त्यात झिंगे, आपले सुकवलेले झिंगे, वाटून घातलेले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं, असंच मी ओमांना भासवलं. ओमांनी नाक धरलं आणि खिडकी उघडली.

जेवण झाल्यावर वर पाहिलं तर भिंतीवर एक फोटो. धानाच्या बांध्या, माडाची झाडं, मागे धुरकट डोंगर, आणि त्या सगळ्यांच्या मधून वर आलेला दगडी स्तूप. मी खुर्चीवरून उठलेच.

"हा तर आमच्या विहारातल्या कॅलेंडरवर आहे!"

"बोरोबुदूर," वार्तिनी म्हणाली. "मेरा गांव इधर." तिने स्तूपापासून जरा डावीकडे, माडांच्या खाली बोट ठेवलं. "मेरी मां का खेत इधर."

मी फोटोला हात जोडले. ती म्हणाली, आम्ही मुसलमान, पण तो आमचाच. तिचे आजोबा त्याच्या पायथ्याशी म्हशी चारायचे. मला नवल वाटलं. आपण ज्याचं चित्र भिंतीवर लावतो, तो कुणाच्या बांधीवरून रोज दिसतो!

बुधवार, गुरुवार

हे दोन दिवस मी खरंच फक्त पाहिलं. वार्तिनी एका झाडाशी गुडघे टेकते, कोंबांचा झुबका चाचपते, तीन चांगले निवडून तारेला वळवते, बाकीचे खुडून टाकते. मग दुसरी तार. मग पुढचं झाड. कोंबांना बारीक काटेरी लव असते, हातावर ओरखडे उठतात. मी बांधावर बसून शेंगा सोलल्यासारखी बोटं हलवत होते.

संध्याकाळी श्पार्गेल सोलता सोलता ती तिच्या गावाचं सांगायची. बायांनो, ते गाव मी पाहिलेलं नाही, पण आता डोळे मिटले की दिसतं. पाणी डोंगरातून पायऱ्या-पायऱ्यांनी एका बांधीतून दुसरीत उतरतं. डोंगर धुमसतो. "पहाड़ गुस्सा, तो राख. राख, तो चावल अच्छा," ती म्हणाली. बांधीत मासे सोडतात. कापणी झाली की बदकांचे कळप आणून चारतात. विळा पूर्वी वापरायचे नाहीत. मुठीत मावेल एवढं पातं असायचं, ते तळहातात लपवून एकेक लोंबी खुडायची.

"लपवायचं कशाला?"

"चावल की मां डरती है."

चावल की मां म्हणजे धानातली देवी. आपण तसलं काही मानत नाही. पण कुणी घाबरू नये म्हणून पातं लपवायचं, हे मला रात्रभर गोड वाटत राहिलं.

मी विचारलं, रोवणी कशी करता? सांगायला हिंदी पुरली नाही. ती उठली, कमरेत वाकली, आणि चुलीपासून टेबलापर्यंत मागे मागे सरकत बोटांनी फरशीवर धानाच्या रोपांचे पऱ्हे लावत गेली. हुबेहूब आपल्यासारखं! मीही पदर खोचला आणि तिच्या शेजारच्या ओळीला लागले. आम्ही दोघी वाकून, मागे सरकत, दाराशी पोचलो तर मागे ओमा काठी टेकून उभ्या.

"काही हरवलं का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

वार्तिनी इतकी हसली की तिला उत्तर देता येईना. मग हसता हसता तिचं तोंड बदललं, आणि पुढची गोष्ट तिने मला ओमा झोपायला गेल्यावर सांगितली.

ती नऊ वर्षं घरी गेलेली नाही. आईला आता फोनवर ऐकू येत नाही. नुसतं हॅलो हॅलो म्हणते आणि रडते. सोमवारचं तिकीट काढलेलं आहे, चार आठवड्यांसाठी. ओमांनी एकच अट घातली होती: आधी बाराच्या बारा ओळी तारेवर चढव, मग नीघ. वेल कुणासाठी थांबत नाही. आणि शनिवारी दुपारी तीनला चर्चची घंटा झाली की रविवार लागला, मग या घरात कुणी मातीला हात लावत नाही. म्हणजे मुदत शनिवारी तीन.

"नहीं हुआ तो?" मी विचारलं.

तिने सोललेली साल गोळा केली. "तो अगला साल. मां का अगला साल, पता नहीं."

शुक्रवार

इथे माझी चूक सांगायची आहे. मिलिंद, तू हे वाचशील तेव्हा आधी पाणी पी.

शुक्रवारी दुपारपर्यंत आठ ओळी झाल्या होत्या. वार्तिनीला अंडी घेऊन शहरात जावं लागलं. ओमा वर झोपलेल्या. मी बांधावर बसून त्या उरलेल्या चार ओळी पाहत होते. ऊन छान पडलं होतं. मातीचा वास येत होता. मला वाटलं, मी एवढी जन्मभर धानात राबलेली बाई, आणि ही पोरगी आईसाठी झुरतेय, आणि मी काय हात बांधून बसायचं? कोण बघतंय?

उतरले. काय सांगू, गुडघे मातीला लागले आणि महिनाभराचं छातीवरचं ओझं उतरलं. तीन कोंब निवडायचे, तारेला वळवायचे, बाकीचे खुडायचे. पेंड्या बांधताना बंध पिळायची हाताला जी सवय आहे, तीच चालली. तीन ओळी करून मी हात धुतले आणि काही न झाल्यासारखी पाट्यासारख्या दगडी थाळीत शेंगदाण्याची चटणी वाटत बसले. वार्तिनीला सांगायचं नाही, सकाळी तिलाच दिसेल, असं ठरवलं. त्या रात्री मला जर्मनीत पहिल्यांदा चांगली झोप लागली.

शनिवार

सकाळी सहाला तिच्यामागोमाग मळ्यात गेले, तिचं तोंड बघायला.

तिन्ही ओळींतले वेल तारा सोडून खाली लोळत होते. एकूण एक. काही नुसते सैल पडले होते, काहींनी तर तारेकडे पाठ फिरवली होती.

वार्तिनी एका झाडाशी बसली, कोंब उचलला, तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडण्याआधीच तिला कळलं. मी म्हटलं, "मैंने किया. मदद करनेको." पुढचं रडण्यातच गेलं. तिची आई, तिचं तिकीट, सगळं मी माझ्या या दोन हातांनी खाली पाडलं होतं.

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने माझा हात धरून मला स्वयंपाकघरात आणलं आणि त्या फोटोसमोर उभं केलं. स्तूपावर बोट ठेवलं.

"इबू, इधर कैसे चलती?"

इबू म्हणजे त्यांच्याकडे आई. मला आधी प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं. दीक्षाभूमीच्या स्तूपाला मी किती वर्षं फेऱ्या घालते आहे! स्तूप उजव्या हाताला ठेवायचा आणि चालायचं. मी हवेत बोट फिरवून दाखवलं.

"गेनाऊ! बराबर!" ती म्हणाली. "होप्स भी ऐसा चलता. उल्टा कभी नहीं. तार उसका स्तूप."

मी उलट्या फेऱ्या घातल्या होत्या. वेल बिचारा रात्रभर स्वतःला सोडवून घेत बसला.

आता वळवायला पळत जावं तर तेही नाही. सकाळी गारव्याने कोंब कडक असतात, वाकवले की टोक काटकन मोडतं, आणि टोक मोडलेला वेल वर जात नाही. ऊन लागेपर्यंत थांबायचं. नऊ वाजेपर्यंत आम्ही दोघी बांधावर बसून सूर्याची वाट पाहत होतो. तीन तास! ती तसबीहची माळ ओढावी तसा एक मोडका कोंब बोटांत फिरवत होती. मी मनातल्या मनात त्रिशरण म्हणत होते, आणि मध्येच वाटायचं, मी हे कुणासाठी म्हणते आहे, तिच्यासाठी की माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून?

नऊला सुरुवात केली. ती एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. प्रत्येक तारेशी मी पुटपुटायची, उजव्या हाताला, उजव्या हाताला. काम करता करता मी विचारलं, तुमच्याकडे रोवणीला मजूर लावता का? ती म्हणाली, नाही, आज सगळ्या माझ्या बांधीत, उद्या मी त्यांच्या. आमच्याकडेही तसंच होतं, मी म्हटलं, मी लहान होते तेव्हा. दिवसाला दिवस फेडायचा.

"तो आज का दिन तुमने मुझसे लिया," ती म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. माझ्या चुकीपायी तिचा दिवस गेला होता, म्हणजे फेड माझ्याकडे.

बाराच्या सुमारास काठीचा आवाज आला. ओमा मळ्यात आल्या होत्या, हातात दूध काढायची तीन पायांची तिवई. ऑपरेशननंतर त्या मळ्यात उतरल्या नव्हत्या म्हणे. त्यांनी खुडलेले, सुकलेले, पुन्हा वळवलेले वेल पाहिले.

"हे कुणी केलं?"

"इश," वार्तिनी म्हणाली. म्हणजे मी.

एवढं जर्मन मला येतं. "नाइन," मी नाही म्हणून मान हलवली. "इश."

"इश," वार्तिनी पुन्हा म्हणाली, मोठ्यानं.

ओमांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग काठीने माझे हात उलटे करायला लावले, ओरखडे पाहिले, आणि काहीतरी पुटपुटल्या. वार्तिनीने सांगितलं, "बोलती, हाथ किसान का, दिमाग मेहमान का." त्यांनी तिवई ठेवली, बसल्या, आणि त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईची बोटं अशी चालायला लागली की मला माझीच लाज वाटली.

कुणी जेवलं नाही. पाव आणि मुळ्याच्या चकत्या ओळीतच उभ्या उभ्या खाल्ल्या. दहावी झाली. अकरावी झाली. बारावी अर्धी झाली आणि घंटा वाजली.

वार्तिनीचा हात तारेवरच थांबला. कांद्याच्या कळसातून एकेक ठोका येत होता आणि ती त्या उरलेल्या अर्ध्या ओळीकडे पाहत होती. मी ओमांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांनी हात झटकले, काठी शोधली, उठायला दोनदा जोर लावला. तिसऱ्यांदा वार्तिनीने त्यांना धरून उठवलं. धरलेला हात त्यांनी सोडला नाही.

मग त्या बराच वेळ बोलल्या. मला शब्द कळले नाहीत, वार्तिनीने रात्री सांगितले. "उरलेली अर्धी ओळ माझी. सोमवारी मी करीन, तिवईवर बसून, तीन दिवस लागले तरी. तू नीघ. आणि येताना तो सडक्या झिंग्यांचा मसाला आणू नकोस, माझे पडदे वास मारतात." एवढं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं होतं, "येशील ना?"

तेव्हा मला कळलं, अट ओळींची नव्हतीच. मुलगा गेला, आता सूनही परत आली नाही तर, ही धास्ती होती.

सोमवार

मिलिंद मला न्यायला आला आणि वार्तिनीला म्युनिकच्या विमानतळावर सोडायचं ठरलं. निघताना ओमांनी माझ्यासमोर दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "जय बीम." मी म्हटलं, "ग्र्युस गॉट." या वेळी दोघींनाही कळलं.

मिलिंदने गाडीत माझ्या हातांकडे पाहिलं. "आई, हे ओरखडे कसले?"

"मांजर होतं," मी म्हटलं. मागच्या सीटवर वार्तिनी खिडकीबाहेर पाहत हसत होती.

आता ती जाऊन अकरा दिवस झाले. मी पुन्हा दोन खोल्यांत आहे. खाली पावाचं दुकान, समोर मोटारी. तुम्ही फोनवर सांगितलंत, पऱ्ह्यांची तयारी सुरू झाली, बोडीच्या तळ्यात पाणी थोडंच आहे. मी जुलैत येईन तेव्हा रोवणी चालू असेल. पण हे गेल्यावर पोरानं सांगितलं, आई, आता पुरे, म्हणून माझे दोन एकर यंदा अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिले आहेत. माझ्या बांधीत दुसऱ्यांचे पाय असतील. अकराव्या वर्षापासून असं कधी झालं नाही. दुपारी बाळ झोपलं की मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर दोन पावलं मागे सरकून बघते. विहीणबाई विचारतात, काय हरवलं? मी म्हणते, काही नाही.

काल वार्तिनीचा फोन आला होता, मिनिटभर. मागे कोंबडा आरवत होता आणि एक म्हातारा आवाज काहीतरी विचारत होता. ती म्हणाली, आई मला ओळखते, रोज सकाळी नव्याने ओळखते.

वार्तिनी, हे तुला वाचता येणार नाही, पण मिलिंद सांगेल. तुझा एक दिवस माझ्याकडे उसना आहे. पासपोर्ट आहे, पाय अजून वाकतात, विमानाची भीती वाटते ती वाटू दे. एखाद्या वर्षी मी तुझ्या आईच्या बांधीत येईन, स्तूप समोर दिसेल अशी उभी राहीन, आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मागे सरकत तुमचे पऱ्हे लावीन. तोवर तो दिवस मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.